तीन-तीनची रांग आली कुठून?

संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाहून मुंबईचं किंवा दिल्लीचं तिकीट काढताना शेवटी सीटचा नकाशा उघडतो. पुढच्या रांगांना जादा पैसे, दाराजवळच्या रांगेला त्याहून जादा. भरावेत की नाही, एवढ्यावरच आपण अडतो. पण त्या नकाशातली बरीचशी गणितं आपल्या जन्माआधीच ठरून गेलेली आहेत, आणि ती माहीत असली की पैसे कुठे टाकावेत नि कुठे वाचवावेत हे ठरवायला सोपं जातं.

आपल्याकडची सुरुवात निजामाच्या काळातली. हैदराबाद संस्थानाचं सरकार आणि टाटा यांनी मिळून १९४५ मध्ये डेक्कन एअरवेज काढली. ठाणं हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावर आणि विमानं डाकोटा, म्हणजे डग्लस डीसी-३. हे विमान पहिल्यांदा उडालं डिसेंबर १९३५ मध्ये. त्याच्या मूळ रचनेत वाटेच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक अशा २१ सीट होत्या. रात्रीच्या प्रवासासाठी १४ बर्थांचा वेगळा प्रकार होता. महायुद्ध संपल्यावर लष्कराची जुनी डाकोटा स्वस्तात निघाली तेव्हा कंपन्यांनी दोन्हीकडे दोन-दोन करून २८ जणांची सोय केली. मांडी आखडून जास्त माणसं बसवण्याची युक्ती काही आजची नव्हे! डाकोटा जमिनीवर शेपूट टेकून उभं असायचं, त्यामुळे मागच्या दारातून शिरलेल्याला चढ चढून आपली सीट गाठावी लागे. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात डेक्कन एअरवेज इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

आजची तीन-तीनची रांग मात्र अमेरिकेतल्या एका चढाओढीतून आली. बोइंगने जेट विमानाचा पहिला नमुना बांधला तेव्हा त्याची रुंदी १३२ इंच होती, आडव्या रांगेत पाच जण बसतील एवढी. तिकडे डग्लसने डीसी-८ सहा जणांच्या हिशेबाने आखलं. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून बोइंगने ७०७ ची रुंदी वाढवत १४८ इंचांवर नेली, प्रतिस्पर्ध्यापेक्षा एक इंच जास्त. तीच रुंदी पुढे ७३७ ने उचलली. म्हणजे आज एखादं कोरं करकरीत ७३७ मॅक्स आलं, तरी त्यातल्या सीटची साधारण १७ इंचांची रुंदी १९५० च्या दशकातली आहे. १९८८ मध्ये सेवेत आलेल्या एअरबस ए३२० ची बाहेरची रुंदी सातेक इंचांनी जास्त, त्यामुळे सीट १८ इंचांपर्यंत जाते. एका इंचाने काय होतं असं ज्याला वाटतं, तो दोन धिप्पाड माणसांच्या मध्ये बसलेला नसतो.

मग सातवी सीट का घातली नाही? नियम आडवा येतो. वाट एकच असेल तर तिच्या एका बाजूला तीनपेक्षा जास्त सीट चालत नाहीत, कारण विमान रिकामं करायची वेळ आली तर आतल्या माणसाला बाहेर पडता आलं पाहिजे. सहापलीकडे जायचं तर दुसरी वाट हवी. तशा दोन वाटांचं ७४७ जानेवारी १९७० मध्ये प्रवासी सेवेत आलं.

बाहेर पडण्याच्या या नियमांचं मोल संभाजीनगरला वेगळं सांगायला नको. इंडियन एअरलाइन्सचं ७३७ दिल्ली-जयपूर-उदयपूर-औरंगाबाद-मुंबई अशा पर्यटकांच्या मार्गावर फिरायचं. २६ एप्रिल १९९३ रोजी ते इथून उडताना धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरल्या कापसाच्या ट्रकला धडकलं आणि पुढे कोसळलं. ११८ पैकी ५५ जण गेले. निम्मी दारं बंद धरून ९० सेकंदांत सगळे बाहेर पडले पाहिजेत, ही अट विमान मंजूर होतानाच पाळावी लागते, आणि कमाल किती सीट बसवता येतील हेही दारांवरच अवलंबून असतं. एक्झिट रोमध्ये, म्हणजे आपत्कालीन दाराजवळच्या रांगेत, ऐसपैस जागा मिळते ती याच अटीपायी. तिथे लहान मुलं, गरोदर बायका किंवा दार उघडायची ताकद नसलेले वयस्कर बसवत नाहीत, ते त्यामुळेच. आजीच्या गुडघ्यांसाठी ती रांग घ्यायला गेलात तर काउंटरवर सीट बदलून मिळेल.

रुंदी बदलता येत नाही, पण लांबी येते. सीट जमिनीतल्या रुळांवर बसवलेल्या असतात आणि कंपनी त्या पुढेमागे सरकवू शकते. एका सीटच्या ठरावीक बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर म्हणजे पिच. १९७० च्या दशकात ते ३४ इंचांच्या आसपास असे, आता स्वस्त विमानांत २८ ते ३० इंच. पाठ पातळ करून थोडी जागा परत मिळवतात, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नये. खिडक्यांचं अंतर मात्र विमानाच्या सांगाड्याने ठरवलेलं, ते कंपनीला हलवता येत नाही. त्यामुळेच खिडकीचे पैसे मोजूनही काहींच्या वाट्याला कोरी भिंत येते.

सीटला भाव आला तो नंतर. २००३ मध्ये सुरू झालेल्या एअर डेक्कनमध्ये सीट नंबरच नसायचा. एसटीत रुमाल टाकावा तशी धावपळ. २०१३ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, पसंतीच्या सीटसाठी वेगळे पैसे घ्यायची मुभा दिली आणि नकाशावर किमती उमटल्या. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएनेच १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच पीएनआरवरच्या आई, वडील किंवा पालकाशेजारी जागा द्यायला सांगितलं. तेव्हा मूल सोबत असेल तर भीतीपोटी पैसे भरण्याआधी हे लक्षात ठेवा.

मराठवाड्यातल्या माणसाने आधी सीट नव्हे, विमान कोणतं ते बघावं असं माझं म्हणणं. २७ एप्रिल २०१७ ला लहान शहरांना स्वस्तात विमानाने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेची सुरुवात झाली तेव्हा पहिल्या फेऱ्यांत नांदेड-हैदराबाद होती, पंख्यांवर चालणाऱ्या लहान एटीआर ७२ विमानाची. एटीआरमध्ये दोन-दोन सीट, मधली सीटच नाही. प्रवाशांचं दार मागे असतं, त्यामुळे पुढची रांग घेणारा सगळ्यात शेवटी उतरतो! पंख वर असल्याने पंखाजवळूनही खाली छान दिसतं. आवाज मात्र पंख्यांच्या रेषेतल्या रांगांना जास्त, तो मागे कमी होत जातो. स्टार एअरचं एम्ब्राएर १७५ हेही दोन-दोनचं. अशा विमानांत अक्षरं बहुधा ए, सी, डी, एफ अशी असतात, म्हणजे सी आणि डी पाहिलं की वाटेकडची सीट हे पक्कं.

मुंबई-दिल्लीच्या ए३२० मध्ये हिशेब वेगळा. हिसके कमी हवेत तर पंखाजवळ बसा, कारण विमानाचा तोल तिथे असतो. शेपटीकडे डोलणं जास्त. शेवटची रांग आणि एक्झिटच्या पुढची रांग बहुधा मागे कलत नाही. दिल्लीला सकाळी निघालात तर ऊन उजवीकडून येतं, म्हणून ए बरी, संध्याकाळी एफ. मुंबईला जाताना पैठणचा नाथसागर जलाशय बघायचा असेल तर डावी खिडकी. मधल्या सीटसाठी पैसे मात्र कधीच देऊ नयेत, ती फुकटात आपोआप येते. आणि ती ज्याच्या वाट्याला येईल त्याला दोन्ही हात टेकवायची जागा सोडावी.

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी मोठी विमानं पाहताना हाच इतिहास पुन्हा भेटतो. बोइंगचं ७८७ मुळात एका रांगेत आठ जणांच्या, दोन-चार-दोनच्या हिशेबाने आखलं गेलं होतं; बहुतेक कंपन्यांनी त्यात नऊ बसवले, जपान एअरलाइन्ससारखे मोजके अपवाद. ७७७ मध्ये नवाचे दहा झाले. ए३३० मध्ये अजून बहुतेक ठिकाणी दोन-चार-दोन आहे. दोघांनाच जायचं असेल आणि भाडं सारखं असेल तर ए३३० ची कडेची जोडी घ्यावी: रात्री उठताना परक्या माणसाला ओलांडावं लागत नाही.