गाडी आधी, नळ नंतर: मुंबईच्या उपनगरांची पार्श्वभूमी

बोरिवलीतली जुनी माणसं चर्चगेटकडे निघाली की अजूनही म्हणतात, "मुंबईला जाऊन येतो." बोरिवली १९५७ पासून मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहे, घरपट्टीही तिथेच भरली जाते. तरी बोलताना मुंबई म्हणजे माहीमच्या खाडीपलीकडचं काहीतरी. तरुण मुलं त्याच जागेला 'टाऊन' म्हणतात, एवढाच फरक.

ही भाषा आली कुठून? खाडीच्या दक्षिणेला सात बेटांची मुंबई आणि उत्तरेला साष्टी. सहासष्ट गावांची म्हणून सासष्टी, अशी तिची व्युत्पत्ती सांगतात. मुंबई इंग्रजांकडे गेली तेव्हा साष्टीवर पोर्तुगीज होते, मग १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत ती मराठ्यांकडे आली आणि इंग्रजांनी ती घेतली थेट १७७४ मध्ये. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं या दोन जागांचे राजेच वेगळे होते. बांद्रा, कुर्ला, मरोळ, गोराईची गावठाणं त्या काळातली. तिथल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांनी १८८७ मध्ये 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. त्यांच्या आणि कोळ्यांच्या लेखी 'उपनगर' हा शब्दच उलटा आहे. ते होते तिथेच आहेत, नगर त्यांच्यापर्यंत चालत आलं.

चालत यायला आधी रस्ता लागतो. शीवचा बांध १८०५ मध्ये पुरा झाला, माहीमचा १८४५ मध्ये, तोही अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांच्या पैशातून. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली. १८६७ मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत दिवसाची एक गाडी सुरू झाली. १८९६ च्या प्लेगने शहरातल्या माणसांना मोकळ्या हवेची किंमत कळली, आणि १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची गाडी आल्यावर कारकून, शिक्षक, वकील लांब राहूनही वेळेवर हजेरी लावू लागले.

इथून खरी गोष्ट सुरू होते. गाडी आली, पण महापालिका आली नाही. १९५० मध्ये हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत वाढली, १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. बांद्रा-कुर्ल्याला स्वतःच्या नगरपालिका होत्या हे खरं, पण शाळा, वाचनालय, सभागृह वरून कोणी आणून देणार नव्हतं. मधल्या त्या काळात लोकांनी जे स्वतः उभं केलं, त्यातून एकेका उपनगराचा स्वभाव घडला असं मला वाटतं. अंतरातून नव्हे.

पार्लं घ्या. लोकमान्य टिळक गेले १९२० मध्ये, पुढच्याच वर्षी पार्ले टिळक विद्यालय निघालं, १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. मिठाच्या सत्याग्रहात, १९३० साली, पार्ल्यात सत्याग्रहींची छावणी होती. 'पार्लेकर' हा शब्द ज्या ठसक्यात उच्चारला जातो तो या संस्थांतून आला. (त्या ठसक्यात थोडी जात आणि बराच मध्यमवर्ग आहे, हेही पार्लेकरांनी मनाला लावून घेऊ नये.)

गोरेगावचा ठसका वेगळा, तो पाण्याचा. वस्त्या वाढल्या आणि नळ कोरडे, अशा गोरेगावात मृणाल गोरे बायकांना घेऊन उभ्या राहिल्या, १९६१ मध्ये महापालिकेवर निवडून गेल्या आणि 'पाणीवाली बाई' झाल्या. मोर्चाला जाणारं उपनगर ही गोरेगावची ओळख तेव्हाची.

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना ठेवलं, तिचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. तिथे तर शून्यातून बाजार उभा करण्यावाचून गत्यंतरच नव्हतं.

डोंबिवलीला माणसं आधी गेली ती जागेच्या टंचाईमुळे. शहरातली खोली पागडीत अडकलेली, धाकट्या भावाचं लग्न ठरलं की त्याने डोंबिवलीत ब्लॉक बघायचा, हा कित्येक घरांचा इतिहास. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत आत जाता आलं नाही. लालबाग-परळची खोली विकून कुटुंबं डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरारला सरकली. कोकणातल्या जाखडी नाचाची डबल बारी, गावच्या मंडळाची वर्गणी, भजनाचे टाळ, सगळं त्यांच्याबरोबर गेलं. टाळ तर लोकलच्या डब्यातच वाजू लागले. गुढीपाडव्याची शोभायात्रा १९९९ मध्ये डोंबिवलीत निघाली आणि तिथून गावोगाव पसरली. शहराकडून उपनगराने सण उचलायचे, हा क्रम तिथे उलटा झाला. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर होणारी गर्दी पाहिलेल्याला डोंबिवलीला स्वभाव आहे का, हे विचारावं लागत नाही.

वसईत मात्र नवं आलेलं आणि जुनं असलेलं समोरासमोर उभं ठाकलं. बागायती, केळी, वाडवळ आणि सामवेदी बोली असलेला हा पट्टा. नालासोपारा तर प्राचीन शूर्पारक, अशोकाच्या काळातलं बंदर. नव्या इमारतींसाठी बागायतीतल्या विहिरींचं पाणी टँकरने जाऊ लागलं, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने 'हरित वसई'ची चळवळ उभी राहिली. पाण्यासाठी भांडणारं गोरेगाव आणि पाणी राखण्यासाठी भांडणारी वसई, कारण एकच: माणसं आधी येतात, सोय मागाहून.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत बेटावरच्या मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत आली, उपनगर जिल्ह्याची ८६ लाखांवरून ९३ लाखांच्या वर गेली. १६ एप्रिल २०१३ ला, पहिली गाडी धावल्याच्या बरोबर १६० वर्षांनी, लोकल विरार ओलांडून डहाणूपर्यंत गेली. पालघर-बोईसरच्या नव्या इमारतींच्या जाहिरातींत आता 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर' असं ठळक छापलेलं असतं. पाण्याची ओळ मात्र शोधावी लागते.