जर्मलचं पातेलं आणि ओबर्लिनचं कॉलेज

लिबरल आर्ट्स कॉलेज म्हटलं की आपल्याकडे सरळ ‘आर्ट्सचं कॉलेज’ असा अर्थ घेतला जातो. दहावीनंतर सायन्स, कॉमर्स आणि आर्ट्स अशा तीन वाटा फुटतात, त्यातली ही एक. मूळ कल्पनेत अशा वाटा नव्हत्या. मध्ययुगीन युरोपात शिकलेल्या माणसाला सात विद्या याव्यात अशी अपेक्षा असे, त्याच या ‘लिबरल आर्ट्स’: व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, खगोल आणि संगीत. संगीताचं पान इथे गणिताच्या पंगतीत मांडलेलं होतं.

हा वारसा अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांकडे आला. एकोणिसाव्या शतकात विज्ञानाचा पसारा वाढू लागला, तसा ग्रीक-लॅटिनचं काय करायचं हा वाद पेटला. १८२८ साली अमेरिकेतल्या येल कॉलेजच्या अहवालाने त्याचं उत्तर दिलं: मनाला शिस्त लावणं आणि मनात ज्ञानाची भर घालणं हे कॉलेजचं काम, म्हणून अभिजात भाषा सोडायच्या नाहीत, पण गणित आणि भौतिक शास्त्रंही सगळ्यांनी शिकायची.

कागदावरचं हे उत्तर प्रत्यक्षात कसं उतरलं, हे ओहायो राज्यातल्या ओबर्लिन या लहानशा गावात पाहायला मिळतं. तिथलं कॉलेज १८३३ मध्ये सुरू झालं. १८३५ पासून त्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दार उघडलं आणि १८३७ मध्ये स्त्रियांना पदवीच्या वर्गात घेतलं. १८६५ मध्ये गावात संगीत विद्यालय निघालं आणि दोनच वर्षांत ते कॉलेजचा भाग झालं. प्रयोगशाळा आणि पियानोच्या खोल्या एकाच आवारात आल्या.

तिथल्या फ्रँक ज्युएट या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी जर्मनीत गटिंगनला शिक्षण घेतलं होतं. ॲल्युमिनियम प्रथम वेगळं करणाऱ्यांपैकी एक असलेले फ्रीडरिश व्होलर तिथलेच. तेव्हा हा धातू इतका महाग होता, की १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर त्याचा तुकडा मानाने बसवला गेला. तो स्वस्तात काढण्याची रीत शोधणारा जगाचंही भलं करील आणि स्वतःचंही, असं ज्युएट वर्गात सांगत. चार्ल्स मार्टिन हॉल या विद्यार्थ्याने ते मनावर घेतलं. १८८५ मध्ये तो बी. ए. झाला. रसायनशास्त्राची वेगळी पदवी त्याच्याकडे नव्हती, पियानोचं वेड मात्र होतं. घरामागच्या लाकडाच्या खोपटात, घरी बनवलेल्या बॅटऱ्यांवर त्याचे प्रयोग चालत. वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, विरघळवून त्यातून वीज सोडायची, ही त्याची रीत. २३ फेब्रुवारी १८८६ रोजी धातूचे गोळे हाती आले. हॉल तेव्हा २२ वर्षांचा होता. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल एरू यांनीही हीच रीत शोधली आणि पेटंटचा वाद उभा राहिला. हॉलची मोठी बहीण ज्युलिया याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली होती. शोध कोणत्या दिवशी लागला, याची तिची साक्ष या वादात कामी आली. या गोष्टीत तिचं नाव बहुतेक वेळा गळतं, याचं मला वाईट वाटतं. मुलींना रसायनाच्या वर्गात बसू देणारी कॉलेजं त्या काळी थोडीच होती.

आपल्या घरातलं जर्मलचं पातेलं अजूनही याच रीतीने काढलेल्या धातूचं असतं.

ओबर्लिनमध्ये असं एकदाच घडलं नाही. रॉबर्ट मिलिकन तिथे ग्रीक शिकत होते. ग्रीकच्याच प्राध्यापकांनी त्यांना पूर्वतयारीच्या वर्गावर भौतिकशास्त्र शिकवायला सांगितलं. मला ते येत नाही, असं मिलिकन म्हणाले. ज्याला ग्रीक चांगलं जमतं त्याला भौतिकशास्त्रही शिकवता येईल, असं उत्तर मिळालं. पुढे इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणाऱ्या याच मिलिकनांना १९२३ चं नोबेल मिळालं. रॉजर स्पेरी १९३५ मध्ये इंग्रजी घेऊन पदवीधर झाले. मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या वेगवेगळ्या कामांवरील संशोधनासाठी त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. मानसशास्त्राची गोडी त्यांना ओबर्लिनमध्येच लागली होती, बोलताना होणाऱ्या स्नायूंच्या हालचाली अभ्यासणाऱ्या स्टेट्सन यांच्या वर्गात.

हे वेळापत्रकात तासांची समसमान वाटणी केल्याने झालं, असं मला वाटत नाही. कॉलेज लहान होतं, हे त्याचं खरं कारण. ग्रीकचा प्राध्यापक विद्यार्थ्याला ओळखत होता. रसायनाच्या प्राध्यापकाला पदवीपूर्व मुलं हेच सहकारी होते, कारण संशोधक विद्यार्थ्यांची फौज तिथे नव्हतीच.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे गणित बिघडू लागलं. सरकारी संशोधनाचा पैसा प्रामुख्याने मोठ्या विद्यापीठांकडे वळला, उपकरणं महागली. छोट्या कॉलेजांनी साहित्य-इतिहास सांभाळावा आणि विज्ञान मोठ्यांवर सोडावं, असं होण्याची भीती होती. म्हणून १९८५ मध्ये सुमारे ५० कॉलेजांचे प्रतिनिधी ओबर्लिनमध्ये जमले. विज्ञानात पुढे पीएच. डी. करणाऱ्यांचं प्रमाण आपल्या पदवीधरांत लक्षणीय आहे, हे त्यांनी आकडे मांडून दाखवलं आणि उपकरणांसाठी, संशोधनासाठी मदत मागितली.

हॉल १९१४ मध्ये वारले. त्यांनी आपल्या संपत्तीचा मोठा वाटा ओबर्लिनला दिला आणि आईच्या स्मरणार्थ सभागृह बांधावं असं सांगून ठेवलं. ते १९५३ मध्ये उभं राहिलं. त्याच संपत्तीतल्या आशियासाठी ठेवलेल्या वाट्यातून हार्वर्ड-येनचिंग ही चीनच्या अभ्यासाची संस्था निघाली. ओबर्लिनमध्ये आज विद्यार्थी पाच वर्षांत कॉलेजची आणि संगीत विद्यालयाची अशा दोन पदव्या घेऊ शकतो, मग त्यातली एक रसायनशास्त्राची आणि दुसरी पियानोची का असेना.