परीक्षानळीत डार्विन

'एका सुईत कॅन्सर बरा, डीएनएचा चमत्कार!' हा मेसेज सध्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातला डीएनए खरा, बाकी सगळं ठोकून दिलेलं.

या डीएनएला ॲप्टामर म्हणतात. बारावीच्या पुस्तकातला डीएनए दुहेरी असतो, हा एकेरी आणि आखूड. जोडीदार नसल्याने तो स्वतःवरच दुमडतो आणि त्याला ठरावीक आकार येतो. तो आकार एखाद्या प्रथिनाच्या खाचेत नेमका बसला की घट्ट धरून ठेवतो.

डीएनएच्या अक्षरांचा कुठला क्रम कशाला धरेल हे आधी सांगणं अवघड. म्हणून तो शोधायची युक्ती, सेलेक्स, मला भारी आवडते. १९९० साली अमेरिकेत टर्क-गोल्ड आणि एलिंग्टन-शोस्टाक या संशोधकांच्या जोड्यांनी आरएनए (डीएनएचा भाऊबंद) वापरून ती स्वतंत्रपणे मांडली. धाग्यात ४० जागा, प्रत्येक जागी चारपैकी कोणतंही अक्षर. क्रम होतात एकावर २४ शून्यं इतके. त्यातले एकावर १४ शून्यं इतके रेणू छोट्या नळीत सहज मावतात. ते कॅन्सरच्या पेशींवर ओतायचे. चिकटले ते ठेवायचे, बाकीचे धुऊन टाकायचे. मग तेच निरोगी पेशींवर सोडायचे. तिथेही जे चिकटले ते बाद. उरलेल्यांच्या प्रती पीसीआरने काढायच्या (कोरोनामुळे हा शब्द घरोघरी पोचला). पीसीआरमधून धागा दुहेरी निघतो, म्हणून एका धाग्याला बायोटिन हे जीवनसत्त्व लावून तो स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या (बायोटिनला घट्ट धरणारं प्रथिन) मण्यांवर अडकवायचा, दुसरा अल्कलीने सोडवून घ्यायचा आणि पुन्हा पेशींवर. फेरीगणिक धुणं कडक होत जातं; डार्विनची निवड, पण नळीत. गंमत अशी की पेशीवरचं कोणतं प्रथिन पकडलं जातंय हे आपल्याला ठाऊक असण्याची गरजच नाही. २००६ साली वेइहाँग टॅन यांच्या गटाने ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) पेशी ओळखणारा एसजीसी८ हा ॲप्टामर असाच मिळवला; तो पीटीके७ या प्रथिनाला धरतो, हे नंतर कळलं.

अँटिबॉडीही ओळखायचं काम करते, पण ती प्रथिन. उष्णतेने बिघडली की सहसा गेलीच. ॲप्टामर तापला की उलगडतो, थंड झाला की पुन्हा दुमडतो. मे महिन्यात ४५ अंश झेलणाऱ्या खान्देशात, धडगावकडच्या एखाद्या उपकेंद्रात फ्रीजविना राहील अशी तपासणी-पट्टी यातून होऊ शकेल. तोवर गुटख्याने उघडेनासं झालेलं तोंड अंगारा लावत न बसता डॉक्टरला दाखवा.

उपचाराचं गाडं मात्र अडलंय. रक्तातली विकरं ॲप्टामर कुरतडतात आणि तो इतका लहान की मूत्रपिंडं भराभर गाळून टाकतात. २००४ साली अमेरिकेत मंजूर झालेलं पहिलं ॲप्टामर औषध डोळ्यात टोचायचं होतं, कॅन्सरचं नव्हे. एएस१४११ हा दुसरा ॲप्टामर कॅन्सरवर आजमावला गेला. मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या ३५ रुग्णांत गाठ ठळकपणे आकसली ती एकाचीच. म्हणून आता ॲप्टामरला नुसता वाटाड्या करून, त्याच्या अंगावर डॉक्सोरुबिसिनसारखं जुनंच केमोचं औषध चढवून पाहताहेत.