राज्यांची आर्थिक प्रकृती मोजण्यामागची पार्श्वभूमी

ठाण्यात दुय्यम निबंधकांकडे सदनिकेचा करार नोंदवताना भरलेले मुद्रांक शुल्क राज्याच्या स्वतःच्या उत्पन्नात जमा होते. नवी मुंबईला शिवडीशी जोडणाऱ्या अटल सेतूचे जपानी कर्ज मात्र एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) नावावर आहे, राज्याच्या कर्जाच्या आकड्यात नाही. राज्यांची प्रकृती मोजण्याचा इतिहास बराचसा राज्याच्या हिशेबात काय दिसते आणि काय दिसत नाही, या फरकाभोवतीच फिरतो.

राज्यघटनेच्या कलम 280 नुसार 1951 मध्ये नेमलेल्या पहिल्या वित्त आयोगापुढे मुख्य प्रश्न केंद्राच्या करांतला वाटा आणि अनुदाने ठरवण्याचा होता. पुढे कोणत्या राज्याला किती कमी पडते हे पाहून अनुदान देण्याचा प्रघात पडला आणि तूट दाखवणाऱ्यालाच झुकते माप मिळू लागले.

खरे वळण आले ते नव्वदच्या दशकाअखेरीस. पाचव्या केंद्रीय वेतन आयोगानंतर राज्यांनीही पगार वाढवले, महसुली तूट (रोजच्या खर्चाला उत्पन्न कमी पडणे) फुगली आणि पगार, निवृत्तिवेतन व व्याज भागवण्यासाठीच कर्ज काढण्याची वेळ आली. त्याच सुमारास, 1996 मध्ये, महाराष्ट्राने कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन केले. धरणांसाठी रोखे महामंडळाने काढले, हमी राज्याने दिली. तुटीला मर्यादा घालणारा राजकोषीय शिस्तीचा कायदा कर्नाटकाने 2002 मध्ये, केंद्राने 2003 मध्ये आणि महाराष्ट्राने 2005 मध्ये केला. बाराव्या वित्त आयोगाने कर्जसवलतीसाठी असा कायदा हीच अट घातली आणि राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभरात कर्जाने भरून काढावी लागणारी एकूण तूट, राज्याच्या सकल उत्पादनाच्या 3 टक्क्यांत ठेवणे हा सर्वमान्य दंडक झाला. एकाच आकड्यावर नजर असल्यावर कर्ज महामंडळांकडे सरकवण्याचा मोह होणारच. म्हणून राज्याच्या अर्थसंकल्पातून फेडायचे असे कर्ज त्याच्या कर्जमर्यादेत धरण्याचा निर्णय केंद्राने 2022 मध्ये कळवला.

जानेवारी 2025 मध्ये नीती आयोगाने 2022-23 च्या हिशेबांवर आधारलेला 18 राज्यांचा निर्देशांक जाहीर केला. त्यात खर्चाचा दर्जा, महसूल उभारणी, वित्तीय शिस्त, कर्जभार आणि कर्ज पेलण्याची क्षमता असे पाच भाग आहेत. ओडिशा 67.8 गुणांनी पहिला, महाराष्ट्र 50.3 गुणांनी सहावा, तर पंजाब 10.7 गुणांनी शेवटचा आला. ओडिशाच्या यशात खाणींच्या स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) मोठा वाटा आहे, आणि तसे धन ज्याच्या जमिनीत नाही त्या राज्याशी त्याची थेट तुलना मला न्याय्य वाटत नाही. राज्याने दिलेल्या हमींचा तक्ता राज्याच्या वार्षिक हिशेबांत, म्हणजे वित्तीय लेख्यांत, वेगळा छापलेला असतो. क्रमवारी वाचणाऱ्याने तोही उघडून पाहावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.