एजिंग : म्हातारपण, मुरणं की आजार?

एजिंग म्हटलं की आधी सुरकुत्या आठवतात, पण हा शब्द तेवढ्यापुरता कधीच नव्हता. काळ गेला की जे होतं ते, एवढाच मूळ अर्थ, चांगलं-वाईट त्यात काही नाही. चीजचं, वाईनचं एजिंग आपण मुरणं म्हणतो. १९०६ मध्ये जर्मनीत ॲल्युमिनियमचा एक मिश्रधातू तापवून झटकन गार केला आणि नुसता ठेवून दिला, तर थोड्या दिवसांत तो आपोआप जास्त कडक झालेला निघाला, त्यालाही एजिंगच म्हणतात आणि विमानांचे सांगाडे पुढे त्याच धातूचे झाले. अकाउंट्समधे उधारी ३०, ६०, ९० दिवस किती थकली ते दाखवतो तो एजिंग रिपोर्ट. कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिममधे तर रांगेत ताटकळलेल्या प्रोसेसची, म्हणजे कामाची, प्रायॉरिटी हळूहळू वाढवतात ते एजिंग, म्हणजे तिथे वय झालं की नंबर आधी लागतो.

मराठीत सगळीकडे "वृद्धत्व" टाकून मोकळं होतात ते म्हणूनच खटकतं. "जरा" या शब्दात झीज आहे, पण "वृद्ध" आला तो वृद्धीच्याच धातूतून, म्हणजे वाढलेला. हे दोन अर्थ वेगळे ठेवायला हवेत, कारण एजिंगला आजार म्हणायचं का, हा पुढचा सगळा वाद त्यांचाच आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वय वाढण्याचा अभ्यास हे वेगळं शास्त्र झालं, १९६० च्या आसपास माणसाच्या पेशी ठराविक वेळाच विभागतात हे प्रयोगात दिसलं, आणि मग एजिंगवर औषध का नको असं म्हणणारे वाढत गेले.

खरी ठिणगी पडली जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीवरून, ज्यात प्रत्येक निदानाला एक कोड असतो. जुन्या यादीत "सेनिलिटी", म्हणजे म्हातारपणाची दुर्बलता, असा कोड होता. नव्या आवृत्तीत, जी २०१९ ला मंजूर झाली, त्या जागी "ओल्ड एज" आलं. सेनिलिटी शब्द अपमानास्पद वाटतो म्हणून बदलला असं कारण दिलं गेलं, आणि हेतू वाईट नसेलही, पण परिणाम काय? डॉक्टरने खरं कारण न शोधता "म्हातारपण" लिहून फाईल बंद करायची सोय झाली असती. ज्येष्ठांसाठी काम करणारे आणि बरेच डॉक्टर यावर तुटून पडले आणि माझ्या मते अगदी बरोबर तुटून पडले. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की यादीत नाव असल्याशिवाय औषधांच्या चाचण्यांना पैसा आणि मंजुरी मिळणं अवघड जातं. यात तथ्य आहे, पण त्यासाठी वय हेच निदान करायची गरज नव्हती.

शेवटी यादी १ जानेवारी २०२२ ला लागू व्हायच्या तोंडावर शब्द मागे घेतला. कोड तोच राहिला, नाव झालं "वाढत्या वयाशी निगडित अंगभूत क्षमतेतली घट". लांबलचक आहे खरं, पण यात घट नोंदवली जाते, वय नाही.