खाणावळीचा व्यवहार आणि एका सहीची भानगड: थोडी पार्श्वभूमी

मालवण बाजारातली जुनी माशांची खाणावळ विकली गेली, नवीन मालक हायवेवर शाखा काढतोय, आणि सध्या जो तो "मुंबयवाल्यान घेतली मां?" विचारतोय, तर आधी तेवढं क्लिअर करू. घेणारा मुंबईवाला नाही, तालुक्यातलाच आहे, आखातात बरीच वर्षं हॉटेल लाईनमध्ये काढून परत आलाय, मुंबईचं आहे ते फक्त पैशाचं पाठबळ. लोकांचा राग मात्र सगळा त्याच्यावर निघतोय, "बाजारातली जागा सोडून हायवेक पळालो" वगैरे, आणि खरा घोळ विकणाऱ्यांनी आधीच घालून ठेवलेला. तो नीट कोणी सांगत नाही म्हणून हे लिहितोय.

फार जुन्यात जात नाही. खाणावळ सुरू झाली ती महिन्याच्या मेंबरांवर. कोर्टातले कारकून, मास्तर, वस्तीच्या गाडीचे एसटी ड्रायव्हर-कंडक्टर. ताट एकच, माशाची निवड नाही, रापणीला जे लागलं ते, बांगडा तर बांगडा, पेडवे तर पेडवे. १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला आणि कचेऱ्या ओरोसला उभ्या राहिल्या, तेव्हा मेंबर हळूहळू कमी झाले आणि मधली काही वर्षं धंदा जेमतेमच होता. हे आज कोणाला आठवत नाही, सगळ्यांना वाटतं पहिल्या दिवसापासून रांगाच होत्या.

रांगा नंतरच्या. १९९७ ला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली. मालवणात स्टेशन नाही, पण कुडाळ-कणकवलीला उतरून माणसं यायला लागली, किल्ला बघायची, तारकर्लीला राहायची आणि दुपारी "ऑथेंटिक कुठे मिळेल" विचारत बाजारात फिरायची. तेव्हा दारात तो काळा फळा आला. खडूने वर तारीख, खाली माशांची नावं, आणि संपलेल्या माशावर बोटाने ओढलेली पांढरी रेघ, डस्टर कधी नव्हताच. दीड वाजेपर्यंत सुरमईवर रेघ पडलेली असायची आणि नवीन माणूस हिरमुसून मोरीचं मटण (म्हणजे लहान शार्कचं कालवण) किंवा तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं घ्यायचा, आणि माझ्या मते बरंच व्हायचं त्याचं. सुरमई फ्राय कुठेही मिळते.

पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. स्कूबा आलं, होमस्टे आले, मग २०२० ची टाळेबंदी, मे २०२१ चं तौक्ते, त्याच ऑक्टोबरात चिपीचं विमानतळ, आणि ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन इथे झाल्यावर तर शनिवार-रविवारी बाजारात गाडी लावायला जागा मिळेना. या सगळ्यात म्हातारे मालक गेले. मृत्युपत्र नाही. आणि इथून भानगड सुरू.

भानगड कळायला एक लक्षात ठेवायला पाहिजे, की बोलताना आपण "खाणावळ विकली" म्हणतो पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक जागा आणि दुसरं नाव, म्हणजे धंदा, गुडविल, भांडीकुंडी सगळं. जागा पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेली भाड्याची, घरमालक वेगळा. नाव म्हाताऱ्यांचं स्वतःच्या कमाईचं.

मागे राहिले दोन मुलगे, एक मुलगी आणि काकी. काकी म्हणजे थोरल्याची बायको, थोरला वडिलांच्या आधीच गेला. धाकट्यांपैकी एक मुंबईत, एक इथेच पण धंद्यात कधी नव्हता, त्याचं रिसॉर्टचं वेगळं चालू आहे. किचन, गल्ला, संध्याकाळी जेटीवर लिलावाला उभं राहणं, सासऱ्यांच्या बरोबरीने सगळं काकीने केलं. आणि विक्रीच्या कागदावर सह्या कोणाच्या, तर दोघा भावांच्या. बहिणीने हक्कसोड करून दिलं. काकीला विचारलंच नाही.

भावांचं म्हणणं असं, की थोरल्याच्या घराला वाट्याचं आधीच मिळालंय, घराची आणि माडांची वाटणी झाली तेव्हा. काकीचं म्हणणं, ती वाटणी घराची आणि बागेची होती, धंद्याचा तेव्हा शब्दही निघाला नाही. वाटणी तोंडी झालेली, त्यामुळे दोघंही आपापलं खरं म्हणू शकतात. पण कायदा बघितला तर भावांची बाजू मला लंगडी वाटते, सरळच सांगतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मुलगे, मुली, आणि आधी वारलेल्या मुलाची विधवा नि मुलं हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. इथे नाक्यावर लोक सांगतात की बायकांचा हक्क २००५ नंतरचा, तर ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीसाठी होती. बापाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीचा आणि अशा विधवा सुनेचा वाटा १९५६ पासूनच आहे. म्हणजे नावात काकीच्या घरचा वाटा होता, आणि तो सोडल्याचा कागद कुठेच नाही.

जागेचं तर याहून पुढचं. महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, अमलात आला ३१ मार्च २००० ला. त्यात धंद्याची जागा असेल आणि भाडेकरू वारला, तर घरचं जे माणूस त्याच्यासोबत तिथे तोच धंदा करत होतं त्याच्याकडे भाडेकरूपण जातं. असं कोणी नसेल तरच बाकीच्या वारसांचा नंबर, आणि आपसात जमलं नाही तर कोर्ट ठरवणार. आता मुंबईत बसलेला भाऊ किंवा रिसॉर्टवाला भाऊ वडिलांसोबत तिथे धंदा करत होता असं कोण म्हणेल? गावात कोणालाही उभं करून विचारा. त्याच कायद्यात पागडीचे पैसे घ्यायला मोकळीक आहे, भाडेकरूलाही आहे, पण घरमालकाशी तसं ठरलेलं नसेल तर जागा परस्पर दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. घरमालकाला भावांनी व्यवहार झाल्यावर कळवलं, आणि तो म्हणाला आधी भाडेकरू कोण ते तुमच्यात ठरवा, मग माझ्याकडे या. त्याचंही चुकलं असं वाटत नाही. भाड्याची पावती आजही म्हाताऱ्यांच्याच नावाने फाटते.

नाव पण रजिस्टर नव्हतं. बोर्ड रंगवला आणि झालं, आपल्याकडे नव्वद टक्के लोक असंच करतात. घेणाऱ्याने ट्रेडमार्कसाठी अर्ज टाकला, सेवांच्या ४३ क्रमांकाच्या वर्गात, खाण्यापिण्याच्या धंद्याचा तो वर्ग. असा अर्ज जर्नलमध्ये छापला गेला की हरकत घ्यायला चार महिने असतात, आणि ते कोणीतरी काकीच्या मुलाला सांगितलं. हरकतीचा कागद तयार झाला तेव्हा घेणारा पहिल्यांदा काकीच्या ओटीवर येऊन बसला. हे त्याने आधी करायला हवं होतं, पण भावांनी "तां आमी बघतों" सांगितल्यावर त्याने विश्वास ठेवला.

तिथे जे ठरलं त्यातून आज दिसतंय ते सगळं निघालंय. काकीने नावापुरती सही दिली, पैसे घेऊन, दोन अटींवर. पहिली, मसाला तिच्याकडूनच जाणार. तिचा वर्षाचा मसाला मे संपायच्या आत कांडून होतो, मिरच्या कौलांवर नाही तर खळ्यात चटईवर वाळवून, शेराच्या मापाने, आणि ते प्रमाण विक्रीच्या कागदात नव्हतंच, भावांना ते माहीतच नव्हतं. दुसरी अट, त्या नावाखाली दारू नको. जागेची सही मात्र दिली नाही. जुनी जागा तिच्याच ताब्यात, दुपारचं जेवण तीच चालवणार, नावाचा वापर तिला फुकट.

म्हणजे घेणाऱ्याच्या हातात नाव आलं आणि जागा आली नाही. मागची भिंत पाडून हॉल काढायचा, वर एसी फॅमिली रूम, हा त्याचा मूळ प्लॅन होता, नकाशा मी बघितलाय. घरमालकाच्या संमतीशिवाय तिथे खिळासुद्धा ठोकता येत नाही म्हटल्यावर हायवेवर कसालच्या बाजूला प्लॉट घेतला. मुंबई-गोवा हायवेचा आपल्याकडचा चौपदरीचा टप्पा रायगडच्या मानाने बराच आधी उरकला, गोव्याला जाणाऱ्या गाड्या तिथून सुसाट जातात, त्यामुळे धंद्याच्या दृष्टीने वाईट नाही, पण ती त्याची पहिली पसंती नव्हती.

परमिट रूमवरून पण उगाच बोंब चाललीय. एफएल-३ चा, म्हणजे परमिट रूमच्या परवान्याचा अर्ज आहे, पण वेगळ्या नावाने, वेगळ्या दारातून, आणि प्लॉटवर रस्त्यापासून इतकं आत का बांधलंय त्याचं उत्तर सुप्रीम कोर्टाच्या निकालात आहे. २०१६ च्या डिसेंबरात हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको म्हटलं, मग वीस हजारांपर्यंतच्या वस्तीला ते २२० वर आणलं. पार्किंग मोठं ठेवलंय असं लोकांना वाटतं, ते अंतर आहे.

माशाचं काय होणार हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्यावर घेणाऱ्याकडेही धड उत्तर नाही. बाजारातल्या जागेला दिवसाला लागणारा मासा जेटीवर मिळतो, हायवेच्या हॉलला लागेल तेवढा एका जातीचा रोज मिळणं कठीण. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा काकी सुकटीवर, कुर्ल्यांवर आणि खाडीच्या माशांवर भागवते आणि फळ्यावर तसं लिहिते. बसने उतरणारा ग्रुप जुलैमध्ये सुरमई थाळीच मागणार, म्हणजे बर्फातला माल आला, बहुतेक बाहेरून. त्यासाठी डीप फ्रीजर आलेत, मी स्वतः उतरताना बघितले.

हायवेची शाखा गणपतीनंतर उघडायची आहे, आचारी दोघे काकीच्या हाताखाली शिकून तयार होतायत. मुंबईच्या भावाने आता मसाल्याच्या पैशातही वाटा मागितलाय असं ऐकतो. जुन्या जागेत दुपारी साडेबारा ते तीन जेवण मिळतं, सोमवारी बंद.