दावा येण्याआधीची कास्प तपासणी: कॅलिफोर्नियातील छोट्या व्यावसायिकांसाठी प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रे

कॅलिफोर्नियात दुकान, उपाहारगृह किंवा मोटेल दिव्यांग ग्राहकाला अडचणीचं ठरलं, तर दर प्रसंगी किमान ४,००० डॉलर भरपाई आणि वर समोरच्या वकिलाची फी द्यावी लागू शकते. दिव्यांगांशी भेदभावाला मनाई करणाऱ्या १९९० च्या एडीए या केंद्रीय कायद्यात खासगी फिर्यादीला भरपाई नाही; ती राज्याच्या अनरू या नागरी हक्क कायद्यातून मिळते. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दुकानांवर जवळपास एकाच मजकुराचे दावे पडतात. घाबरून तडजोड केली की पैसे जातात, त्रुटी तशीच राहते आणि पुढचा दावा तिच्यावरच उभा राहतो. व्हीलचेअरवरचा ग्राहक तोवर दाराबाहेरच असतो.

यावर सगळ्यात भक्कम उपाय म्हणजे दावा येण्यापूर्वी कास्प तपासणी करून घेणं. कास्प म्हणजे राज्याच्या स्टेट आर्किटेक्ट विभागाने प्रमाणित केलेला सुलभता तपासनीस. यादी विभागाच्या संकेतस्थळावर मिळते. ही तपासणी एकट्याने न करता रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांनी मिळून ठरवावी. पार्किंग, पदपथाकडची वाट आणि सामाईक स्वच्छतागृह अनेकांचं असतं. एकाने दुरुस्ती केली आणि शेजाऱ्याने नाही, तर दोघंही दाव्यात ओढले जाऊ शकतात. व्यापारी संघटनेमार्फत तपासनीसाला एकत्र बोलवा, जागामालकांना त्याच बैठकीला आणा आणि परिसरातल्या दिव्यांगांच्या संस्थेलाही निमंत्रण द्या. बर्कलीत १९७२ साली दिव्यांगांनी चालवलेलं स्वतंत्र जीवन केंद्र सुरू झालं, तशी केंद्रं आज अनेक शहरांत आहेत. व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती दुकानातून एकदा फिरली की टेपने न दिसणाऱ्या अडचणीही कळतात, आणि पुढे तक्रार असली तर ती आधी दुकानदाराच्या कानावर येते. भाडेकरार मात्र बैठकीआधी वाचा. जागेची कास्प तपासणी झाली आहे का, हे करारात लिहिणं १ जुलै २०१३ पासून बंधनकारक आहे. दुरुस्ती कोणी करायची हेही तिथेच ठरलेलं असतं. पण करारात काहीही असलं तरी दावा मालक आणि भाडेकरू दोघांवरही येऊ शकतो.

सर्वाधिक चुका पार्किंगमध्ये सापडतात. दिव्यांगांसाठी राखीव गाडीची जागा ९ फूट रुंद, शेजारची रेघांची मोकळी पट्टी किमान ५ फूट. व्हॅनसाठी १२ फूट जागा आणि ५ फूट पट्टी, किंवा ९ आणि ८. पट्टीत ‘नो पार्किंग’ ही अक्षरं १२ इंच उंचीची हवीत. उतार कोणत्याही दिशेला ४८ ला १ पेक्षा जास्त नको. नेमकं इथेच नवं डांबर घातल्यावर बिघडतं: रंगकाम उत्तम, पण उतार बदललेला. आत दाराची मोकळी रुंदी ३२ इंच आणि काउंटरचा सुलभ भाग जास्तीत जास्त ३४ इंच उंच असावा.

पात्रता आणि मुदती अशा:

- सरासरी ५० किंवा कमी कर्मचारी असतील आणि दावा वा लेखी तक्रार येण्यापूर्वी तपासणी झाली असेल, तर अहवालातल्या त्रुटी १२० दिवसांत दुरुस्त केल्यास त्या काळातली किमान भरपाई लागत नाही. हे संरक्षण एका जागेला एकदाच मिळतं.
- तपासणी आधीच झालेली असेल आणि दावा हातात पडल्यापासून ६० दिवसांत दुरुस्ती झाली, तर किमान भरपाई १,००० डॉलरवर येते.
- तपासणी नसली तरी तीन वर्षांची सरासरी २५ किंवा कमी कर्मचारी आणि ३५ लाख डॉलरपेक्षा कमी उलाढाल असेल, तर ३० दिवसांत दुरुस्ती केल्यास २,००० डॉलर.

जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला यातली सवलत नाही.

नोटीस आली की आधी तारीख लिहून ठेवा. शारीरिक इजेचा दावा नसेल, तर वकिलाने मागणीपत्रात पैसे मागण्याला कायद्याने मनाई आहे. राज्य न्यायालयाचं समन्स आलं असेल तर उत्तराची मुदत ३० दिवसांची. त्याच काळात डीएएल-००५ हा अर्ज भरून दाव्याला स्थगिती आणि लवकर मूल्यमापन बैठक (न्यायालयात दोन्ही बाजूंनी सुरुवातीलाच बसून तोडगा पाहणं) मागता येते. पात्र प्रतिवादीला ९० दिवसांची स्थगिती मिळते, आणि बैठकीच्या १५ दिवस आधी फिर्यादीला त्रुटींची यादी व मागितलेली रक्कम लेखी द्यावी लागते. फक्त अर्ज करून उत्तराची मुदत चुकवू नका.

जवळ ठेवायची कागदपत्रं: तारीख आणि सही असलेला कास्प अहवाल, तपासणी प्रमाणपत्र, दुरुस्तीचं वेळापत्रक, ठेकेदाराची बिलं, आधीचे-नंतरचे तारीखवार फोटो, भाडेकरार, तसंच उलाढाल आणि कर्मचारीसंख्या दाखवणारी तीन वर्षांची कर विवरणपत्रं व वेतन अहवाल. अहवाल आहे पण दुरुस्तीचा पुरावा नाही, अशा वेळी सवलत हातची जाते.

दावा केंद्रीय न्यायालयात असेल तर उत्तराला साधारण २१ दिवसच मिळतात आणि राज्याची स्थगिती तिथे आपोआप लागू होत नाही. अशा वेळी वकील पहिल्याच आठवड्यात गाठा.

खर्चाचा भार थोडा हलका होतो. मागच्या वर्षी पूर्णवेळ कर्मचारी ३० पेक्षा जास्त नसतील किंवा उत्पन्न १० लाख डॉलरपेक्षा जास्त नसेल, तर केंद्रीय करात फॉर्म ८८२६ वर २५० ते १०,२५० डॉलरमधल्या खर्चाच्या निम्म्या रकमेची, म्हणजे कमाल ५,००० डॉलरची सूट मागता येते. ती दरवर्षी मागता येत असल्याने मोठं काम दोन वर्षांत विभागता येईल का, हे लेखापालाला विचारा. मात्र १२० दिवसांची मुदत त्यासाठी ओलांडू नका.